फुटामागं एक सूत

आमच्या घरी कुणी आलं की आधी बसतं, मग पाणी पितं, मग बोलायला लागतं. भूपाल आण्णा आले की आधी खुर्ची उलटी करतात.

आम्ही या गल्लीत राहायला आलो त्या पहिल्याच रविवारची गोष्ट. निम्मं सामान अजून खोक्यांत होतं. दारात एक बुटकी, ताठ मूर्ती उभी राहिली. पांढरा लेंगा, पांढरा शर्ट, डोक्यावर टोपी आणि शर्टाच्या खिशातून वर आलेली पोलादी पट्टी. "समोरच ऱ्हातोय. मगदूम. काय लागलं सवरलं तर हाक मारा," असं म्हणून ते आत आले. मी म्हटलं, "बसा ना." ते म्हणाले, "बसतो की," आणि बसायच्या खुर्चीला हात घालून त्यांनी ती पालथी केली. मग खुर्चीलाच म्हणाले, "पाठ बघू."

मला वाटलं, ढेकूण बघतायत. अपमान वाटला. पण त्यांनी खुर्चीच्या पायाच्या सांध्यावरून अंगठा फिरवला, वाकून वास घेतला आणि निकाल दिला, "मिरजेत केल्याली हाय. सुतार डावखुरा. आन घाईत हुता."

खुर्ची मिरजेचीच होती. सुताराचा हात कुठला ते मला माहीत नव्हतं, पण घाईत होता हे खरं, कारण लग्नाच्या आदल्या दिवशी त्याने ती आणून दिली होती. मी चकित झाले आणि तिथंच चुकले. कौतुकाच्या भरात मी त्यांना माझ्या माहेरचा सोफा दाखवला.

"सागवानी म्हणून दिलाय न्हवं तुमास्नी?" सोफ्याखाली डोकं घालून आण्णा म्हणाले. "पुढनं सागवान हाय. मागनं बाभूळ, आन मधी खोक्याची फळी."

आमच्या ह्यांच्या चेहऱ्यावर जे समाधान पसरलं, ते मी लग्नाच्या दिवशीही पाहिलं नव्हतं. पुढं वर्षभर माझ्या माहेरचा विषय निघाला की हे नुसतं सोफ्याकडं बघायचे.

आण्णांनी चाळीसेक वर्षं कोल्हापुरातल्या कारखान्यांच्या वस्तीत, उद्यमनगरात, पॅटर्न मेकर म्हणून काम केलं. मला आधी वाटायचं, हे कापडावरची नक्षी वगैरे काढत असतील. त्यांनीच एकदा समजावून सांगितलं. इंजिनाचा, पंपाचा, उसाच्या चरकाचा कुठलाही ओतीव भाग करायचा, तर आधी तो हुबेहूब लाकडात करावा लागतो. तो लाकडी भाग म्हणजे पॅटर्न. तो फौंड्रीतल्या वाळूत दाबायचा, अलगद काढायचा आणि राहिलेल्या पोकळीत वितळलेलं लोखंड ओतायचं. लोखंड थंड झालं की झाला तुमचा पंप. पंपावर कंपनीचं नाव येतं. पॅटर्न शेडच्या कोपऱ्यात जातो आणि मॉडेल बंद पडलं की कुणाच्या तरी बंबात.

"दोन-तीन हजार पॅटर्न केलं आसतील म्या," आण्णा म्हणाले होते. "आन आज दावाय घरात एक फळी न्हाय."

मला वाटतं, म्हणूनच त्यांना हा नाद असावा. वस्तू कुठलीही असो, ती कुणी केली, कुठं केली, करताना त्याचं लक्ष कुठं होतं, हे कळल्याशिवाय त्यांना चैन पडत नाही. दवाखान्यात गेले तर डॉक्टरांनी त्यांना तपासण्याआधी ते तपासायचं टेबल तपासतात. एका लग्नात त्यांनी रुखवतातला चौरंग पालथा केला आणि मुलीच्या आत्याला मोठ्यानं सांगितलं, "ह्यो तुमी केल्याला न्हाय, विकत आणल्याला हाय. गडहिंग्लजकडचा." आत्याबाईंनी तो चौरंग मुलीच्या मामाने स्वतः घडवल्याचं अर्ध्या मांडवाला सांगून झालं होतं. जेवणाच्या पंगतीला दोन्हीकडची माणसं वेगवेगळ्या बाजूंना बसली.

माणसंही त्यांच्या तावडीतून सुटत नाहीत. बस्तीच्या, म्हणजे जैन मंदिराच्या, दारात चपला काढलेल्या असतात, तिथं आण्णा थबकतात. एकदा एका अनोळखी माणसाला त्यांनी गाठलं, "पावणं चंदगडकडचं न्हवं?" तो बिचारा घाबरला. त्याला वाटलं, ओळखीचं कुणी निघालं. आण्णांनी त्याची चप्पल उचलून दाखवली, "चवडा झिजलाय, टाच तशीच हाय. चढाचं चालणं, चंदगडच्या डोंगरातलं. लिवून ठेवा." हे 'लिवून ठेवा' त्यांचं आवडतं. कुणीच कधी काही लिहून ठेवत नाही, पण ते सांगतात.

या नादाची मला गंमत वाटायची, तसा रागही यायचा. आण्णांना खरं बोलायची फार घाई असते. माडीवरून पाणी ओतताना खाली कोण उभं आहे ते काही माणसं बघत नाहीत, तसं त्यांचं होतं. आमच्या गल्लीत एक आजी होत्या. त्यांच्याकडे एक चंदनाची पेटी होती. त्यांच्या यजमानांनी फार वर्षांपूर्वी म्हैसूरहून आणलेली. यजमान गेले, पेटी राहिली. आजींनी एकदा हौसेनं ती आण्णांना दाखवली. आण्णांनी पाठ बघितली आणि म्हणाले, "आंब्याची हाय. वरनं तेल लावलंय."

आजी उठल्या. पेटी घेऊन आत गेल्या. पुन्हा ती बाहेरच्या कपाटावर कधी दिसली नाही.

त्या दिवशी मी आण्णांशी कडाक्याचं भांडले. म्हटलं, "सांगायलाच हवं होतं का?"

"त्यांनीच इचारलं की, बघा कशी हाय म्हणून."

"कशी आहे ते विचारलं होतं. कशाची आहे ते नाही."

आण्णांनी टोपी सारखी केली. मग म्हणाले, "बाई, तुमचं बरोबर आसंल. पर माज्या तोंडातनं आधीच निसटतंय." शाळेत शिकवते म्हणून ते मला बाई म्हणतात. चार दिवस आमच्याकडे आले नाहीत. पाचव्या दिवशी आले आणि खुर्ची उलटी न करता बसले, तेव्हा मलाच कसंतरी वाटलं. मीच म्हटलं, "बघा हो पाठ." मग बघितली.

हे सगळं सांगायचं कारण म्हणजे चेलो.

मी ज्या शाळेत भूगोल शिकवते ती चांगली जुनी आहे. गेल्या वर्षी तिथली अडगळीची खोली रिकामी करायला काढली. फाटके नकाशे, डंबेल्स, लेझमी, पाय मोडलेली बाकं असं काय काय निघालं. भिंतीला टेकून एक उंच पोतं होतं. नाटकाच्या मखराचा खांब असेल म्हणून आम्ही ते उघडलं, तर आत वाद्य. दिसायला व्हायोलिनच, पण उभं केलं तर माझ्या खांद्याच्या वर येणारं. खुर्चीत बसून, गुडघ्यांत धरून वाजवतात ते. चार तारांपैकी एक शिल्लक, ती पण सैल. तारेखालची लाकडी घोडी पोत्याच्या तळाशी पडलेली. वाजवायच्या गजाचा पत्ता नाही.

आमचे हेडसर हर्षभरित झाले. वाद्याच्या अंगावर दोन वळणदार भोकं असतात. त्यातल्या एकातून टॉर्च मारला की आत एक पिवळं पडलेलं लेबल दिसायचं, आणि त्यावर इंग्रजी अक्षरांत 'जर्मनी' एवढं वाचता यायचं. हेडसरांनी त्याच संध्याकाळी ठरवून टाकलं की कुणा परदेशी पाहुण्याने शाळेला दिलेली ही दुर्मिळ भेट आहे. वर्धापनदिनाला ती प्रवेशद्वाराशी काचेच्या कपाटात ठेवायची. खालच्या पाटीवरचा मजकूरही त्यांनी लिहून काढला. त्यात 'सातासमुद्रापार' हा शब्द दोनदा होता.

संस्थेच्या अध्यक्षांनी मात्र अट घातली. आधी कुणा जाणकाराला दाखवा. खरंच जर्मन असेल तर कपाट करू. देशी निघालं तर पंधरा दिवसांनी, शनिवारी, भंगारवाला येतोय, बाकांबरोबर तेही द्या. उगाच फजिती नको.

कोल्हापुरात चेलोचा जाणकार कुठून आणायचा? मीच म्हटलं, आमच्या समोर एक गृहस्थ राहतात.

सोमवारी शाळा सुटल्यावर मी आण्णांना घेऊन गेले. वाटेत ते खुशीत होते. शाळेच्या फाटकाची पाठ बघून झाली, जिन्याच्या कठड्याची बघून झाली. हेडसरांनी खोलीचं दार उघडलं. चेलो दोन बाकं जोडून त्यावर निजवला होता. आण्णा नेहमीसारखं म्हणाले, "पाठ बघू," आणि आम्ही तिघांनी मिळून तो पालथा केला.

आण्णांनी पाठीवर तळहात ठेवला. ठेवला तो तसाच. मी निकालाची वाट बघत होते. मिरजेच्या खुर्चीला अर्धं मिनिट लागलं होतं. इथं पाच मिनिटं झाली तरी आण्णा बोलेनात.

"जर्मनीचा ना?" हेडसरांनी विचारलं.

"येळ लागंल," आण्णा म्हणाले.

दुसऱ्या दिवशी पुन्हा आले. तिसऱ्या दिवशीही. रोज शाळा सुटली की आण्णा फाटकाशी हजर. मी भूगोलाची एक कोरी वही काढली. ते मापं सांगायचे, मी लिहायची. हयातीत पहिल्यांदाच त्यांच्या 'लिवून ठेवा'ला कुणीतरी खरोखर लिहून ठेवत होतं, पण त्यांचं तिकडं लक्षच नव्हतं. लांबी तीस इंच अडीच सूत. खालची रुंदी सतरा इंच साडेतीन सूत. सूत म्हणजे इंचाचा आठवा भाग, हे मला आण्णांमुळेच कळलेलं. कुठलंच माप सरळ येत नव्हतं. प्रत्येकाला अर्ध्या-पाव सुताचं शेपूट.

"जर्मन लोक एवढे वेडेवाकडे आकडे का घेतील?" मी विचारलं.

"घेत न्हाईत," आण्णा म्हणाले आणि पुढचं माप घ्यायला वाकले.

मला शंका यायला लागली होती. माणूस शोधत असतो तेव्हा इकडंतिकडं बघतो. आण्णा शोधत नव्हते. ज्या जागी बघायचं तिथंच थेट हात जात होता. चौथ्या दिवशी त्यांनी कुठूनसा दातांच्या डॉक्टरकडचा लांब दांड्याचा आरसा आणला. तो भोकातून आत घातला, टॉर्च मारला आणि मला म्हणाले, "बाई, बघा. कडंला काय दिसतंय?"

आत, जिथं बाजूची फळी पाठीला मिळते, त्या कोपऱ्यात सगळीकडून एक काळपट, गोलसर पट्टी बसवलेली दिसली.

"चामडं हाय ते," आण्णा म्हणाले. "वाद्य करणारा तिथं लाकडाची पट्टी लावतोय. चामडं लावणारा एकच. पॅटर्न मेकर. आतला कोपरा टोकदार ऱ्हायला तर वाळू ढासळती, म्हणून कोपऱ्यात चामडं भरून गोलाई करायची. हाताला सवय लागती. वाद्यात वाळू न्हाय काय न्हाय, तरी हात आपला भरत जातोय."

"आणि ते लेबल?"

"बेअरिंगच्या खोक्यावरचं. आमच्या शेडमधी असली ढिगानं पडल्याली आसायची."

मी आरसा खाली ठेवला. हेडसरांचं काचेचं कपाट माझ्या डोळ्यांसमोर फुटलं. पण मला त्यापेक्षा आण्णांच्या आवाजाचं नवल वाटलं. एरवी असा शोध लागला असता तर त्यांनी अख्ख्या शिक्षकवृंदाला बोलावलं असतं. आज ते भिंतीला ऐकू जाऊ नये असं बोलत होते.

पाचव्या दिवशी त्यांनी पिशवीतून फडक्यात गुंडाळलेली एक जुनी पट्टी काढली. दिसायला खिशातल्या पट्टीसारखीच. तीच लांबी त्यांनी या पट्टीने मोजली आणि मला वाचायला सांगितलं. तीस इंच. बरोबर तीस, वर काही नाही. खालची रुंदी सव्वासतरा. वरची साडेतेरा. वहीतली सगळी शेपटं गळून पडली होती.

"ही कसली पट्टी?"

"श्रिंकेजची. लोखंड थंड झालं की आकसतंय. म्हणून पॅटर्न मुळातच जरा मोठा करायचा. दर टायमाला हिशेब कोण करंल? तवा ह्या पट्टीतला इंचच मोठा केल्याला आसतोय. फुटामागं एक सूत. जो कुणी हे करत हुता, त्येनं मापं बरोबर घेतली, पर आखताना चुकून ही पट्टी उचलली. सगळा चेलो फुटामागं एक सूत मोठा झाला."

मी हसले. हसूच आलं मला. लाकडाचं वाद्य, जणू थंड होऊन आकसणार आहे असं मोठं करून ठेवलेलं! "म्हणजे हा आपल्या उद्यमनगरचाच," मी म्हटलं. "कुणी केला असेल हो?"

आण्णा बाकावर बसले. टोपी काढून मांडीवर ठेवली.

"तुमी हसला तसंच समदी हसली हुती," ते म्हणाले. "माज्या थोरल्या भावानं केलाय. अप्पानं."

मग त्यांनी सांगितलं ते असं. अप्पा आणि आण्णा एकाच शेडमध्ये पॅटर्न करायचे. आण्णांना रंधा धरायला शिकवला तो अप्पांनीच. त्या काळी कोल्हापुरातल्या सिनेमा स्टुडिओच्या वाद्यवृंदात गोव्याकडचे एक गृहस्थ चेलो वाजवायचे. अप्पांनी तो एकदा ऐकला आणि त्यांना दुसरं काही सुचेना. रोज काम सुटलं की स्टुडिओच्या फाटकाशी. शेवटी त्या गृहस्थांनी त्यांना हाताशी धरलं, थोडं शिकवलं, आणि एका रविवारी आपला चेलो मापं घ्यायला दिला. पुढं आठ महिने अप्पा काम संपवून शेडमध्ये एकटेच बसायचे. पुढच्या बाजूला देवदार, पाठीला सागवान, वरून चपड्याचं पॉलिश. कुणाला हात लावू दिला नाही.

"झाला त्या दिवशी रविवार हुता. समद्यास्नी बोलवलं त्येनं. म्या तवा बावीस वर्साचा. नवीनच नजर बसली हुती माजी, सांधा बघून माणूस सांगायचो. समदी म्हणाय लागली, भूपाल, बघ की पाठ. म्या पाठ बघितली. पट्टी लावली. आन वराडलो, अप्पा, ह्यो वाजवायचा हाय का वतायचा?"

आण्णांनी मांडीवरची टोपी उलटी केली.

"वरीसभर हसली माणसं. अप्पा दिसला की, चेलो गार झाला का, म्हणायची. त्येनं पोत्यात घातला. मग एक दिवस पोतंच न्हाय. कुणाला दिलं, म्या इचारलं न्हाय. अप्पा इचलकरंजीला मागाच्या पार्टांच्या कामाला लागला. तितंच ऱ्हायला. आता लेकीकडं आसतोय. लग्नाकार्यात भेटतोय की आमी. गुडघं कसं हाईत, इचारतोय. पर ह्याच्यावर एक शबूद न्हाय. आजवर न्हाय."

मग मी शिक्षकाला न शोभणारी गोष्ट बोलले. म्हटलं, "आण्णा, जर्मनी सांगून टाका. लेबल आहेच. खरं सांगितलंत तर पुढच्या शनिवारी भंगारात जाईल. खोटं सांगितलंत तर काचेत राहील. कोण बघायला येतंय आत आरसा घालून?"

"आन पाटीवर काय लिवणार? जर्मनी?" आण्णा म्हणाले. "बाई, एकदा खरं बोलून घालवला. आता खोटं बोलून घालवू?"

ते बरोबर होतं. मी एवढंच म्हटलं की हा निकाल तुमचा नाही, ज्याने केला त्याचा आहे, त्यांना विचारा. आण्णा लगेच म्हणाले, "मला जमायचं न्हाय." मी म्हटलं, "मग मी जाते." त्यावर त्यांनी टोपी डोक्यावर घातली आणि घरी गेले. पुढचा आठवडाभर समोरचं दार बंद. हेडसर रोज विचारायचे आणि मी रोज आण्णांचे गुडघे दुखतायत म्हणून सांगायची.

भंगारवाला येण्याच्या आदल्या दिवशी, शुक्रवारी, शाळा सुटताना फाटकाशी रिक्षा थांबली. आण्णा उतरले आणि त्यांनी हात धरून एका उंच, वाकलेल्या म्हाताऱ्या माणसाला उतरवलं. नाक-डोळे अगदी आण्णांचे. "आमचा अप्पा," आण्णा मला म्हणाले. वाटेत दोघं काय बोललात, असं मी नंतर आण्णांना विचारलं. काहीच नाही म्हणे. इचलकरंजीपासून इथपर्यंत उसाच्या भावावर बोलले.

खोलीत हेडसर आधीच येऊन उभे होते. अप्पा चेलोपाशी गेले. त्यांनी पाठ वगैरे बघितली नाही. सरळ पुढच्या बाजूवर हात ठेवून म्हणाले, "हितंच हाय व्हय रं तू अजून?"

"हा जर्मन बनावटीचा आहे, बरोबर ना?" हेडसरांनी शेवटची आशा लावली.

"न्हाय न्हाय. म्या केलाय," अप्पा म्हणाले. "तुमच्या हितल्या गायनाच्या मास्तरास्नी दिल्ता. म्हटलं, पोरं तरी वाजवतील. ते लेबल बी म्याच डकवलं. पोरांनी हसू नये म्हणून."

हेडसर वाईट मनाचे नाहीत. पण पाटीवरचे दोन्ही सातासमुद्र त्यांच्या चेहऱ्यावरून ओसरताना मला दिसले. "मग हा तुम्ही घेऊनच जा," ते म्हणाले. "उद्याच्या आत न्या म्हणजे झालं. मी अध्यक्षांना सांगतो." आणि ते गेले. आम्ही तिघं राहिलो.

अप्पा खुर्चीत टेकले. जिना चढताना मी त्यांना आण्णांच्या मापांचं सांगितलं होतं. म्हणाले, "भूपाल, बाई म्हणत्यात तू पाच दिवस मापं घेतलीस. किती वाढलाय?"

"वाढल्याला न्हाय," आण्णा म्हणाले. "माप बरोबर हाय."

वही माझ्या हातात होती. सगळे आकडे माझ्याच अक्षरात. मी ती हळूच पर्समध्ये घातली.

अप्पा हसायला लागले. दात नसलेलं, मोकळं हसू. "गप रं. लबाड बोलाय तुला जन्मात येणार न्हाय. फुटामागं एक सूत. तू पट्टी लावायच्या आदीच मला ठावं हुतं. पाठ चिकटवताना कळलं हुतं. म्हटलं, ऱ्हाऊ दे."

"मग त्या दिवशी बोलला का न्हाईस? समदी हसाय लागली तवा?"

"काय बोलू? चुकलंच हुतं की."

आण्णा पुढं सरकले. "अप्पा, म्या तसं बोलाय नगं हुतं," ते म्हणाले. "मला तवाच कळलं हुतं. तोंडातनं गेलं, आन मग तुज्याफुडं यायचं धाडस झालं न्हाय. इतकी वर्सं झाली. न्हाई झालं."

"बोललास त्येचा राग न्हाय मला," अप्पा म्हणाले. ते आता हसत नव्हते. "खरं तेच बोललास. पर तू निस्तं मापलंस, भूपाल. म्या गज हातात धरून हुबा हुतो. म्हटलं, समद्यांचं हसून झालं की ह्यो तरी म्हणंल, वाजीव अप्पा. हुबाच ऱ्हायलो. तू पट्टी खिशात घातलीस आन भाईर गेलास."

बाहेर पोरं कबड्डी खेळत होती, त्यांचा आवाज येत होता. आण्णा खाली बघत होते आणि त्यांच्या हनुवटीवरून पाणी शर्टावर पडत होतं. ते पुसायचंही त्यांना सुचलं नाही. मी बाहेर जावं की थांबावं, मला ठरवता येईना.

अप्पांनी पोत्याच्या तळातून घोडी काढायला लावली. चेलो उभा करून गुडघ्यांत घेतला. घोडी तारेखाली उभी केली आणि खुंटी पिळत पिळत तार ताणली. दोनदा घोडी पडली. तिसऱ्यांदा उभी राहिली.

"एकच तार हाय," ते म्हणाले, "आन गज बी न्हाय."

त्यांनी अंगठ्याने तार छेडली. खोल, जाड, लांबत जाणारा आवाज आला. तो माझ्या पायाखालच्या फरशीतूनही जाणवला. चांगला होता की वाईट, मला त्यातलं काही कळत नाही. आण्णांनी डोळे मिटले होते. दोन्ही हात मांडीवर उघडे ठेवून ते नुसते बसले होते. आवाज पूर्ण विरला.

मग आण्णा म्हणाले, "परत वाजीव, अप्पा."